पुरवठादार निवडताना बहुनिकष निर्णयपद्धती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा पुरवठादार निवडायची वेळ आली की टेबलावर तीन-चार कोटेशन्स असतात आणि खोलीत तितकीच मतं. परचेसला भाव दिसतो, क्वालिटीला रिजेक्शन, प्रॉडक्शनला उद्याची लाइन. बहुनिकष निर्णयपद्धती ही सगळी मतं एका कागदावर आणतात. त्या वापरू पाहणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. उदाहरणातले आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण गणित खरं आहे. कागद-पेन्सिल घेऊन ताडून पाहावं.

सगळ्यात कमी भावाला ऑर्डर द्यायची, एवढं सोपं का नाही?

कारण कोटेशनवरच्या भावात त्या भागाचा सगळा खर्च नसतो. उशिरा आलेल्या लॉटमुळे थांबलेली लाइन, आलेल्या मालाची तपासणी, रिजेक्ट माल परत पाठवण्याची वाहतूक, 'हा उशीर करतोच' म्हणून गोदामात ठेवलेला जादा साठा, हे सगळं इतर खात्यांच्या हिशेबात पडतं. परचेसच्या कागदावर ती खरेदी स्वस्तच दिसत राहते.

ही जाणीव जुनी आहे. गॅरी डिक्सन यांनी १९६६ साली खरेदी अधिकाऱ्यांची पाहणी करून २३ निकषांची क्रमवारी लावली. त्यात गुणवत्ता पहिली, वेळेवर पुरवठा दुसरा आणि पूर्वीची कामगिरी तिसरी आली. किंमत सहावी होती. पुढे १९९१ मध्ये वेबर, करंट आणि बेंटन यांनी या विषयावरचे ७४ लेख तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक लेखांत एकापेक्षा जास्त निकष एकत्र धरलेले आढळले. प्रश्न बहुनिकष आहे हे सगळ्यांना मान्य आहे. भांडण होतं ते निकषांची मोट कशी बांधायची यावर.

निकष किती घ्यावेत?

पाच ते सात. डिक्सन यांची २३ निकषांची यादी आठवण म्हणून समोर ठेवावी, पण सगळी उचलू नये. निकष वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला इतकं थोडं वेटेज येतं की महत्त्वाचा निकषही गर्दीत हरवतो.

त्याहून वाईट चूक म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजणं. 'एकूण मालकी खर्च' हा निकष घेतला आणि त्यात रिजेक्शनचा खर्च धरला, तर 'रिजेक्शन' हा वेगळा निकष ठेवता येत नाही. तसंच 'लीड टाइम' (ऑर्डरपासून माल हाती येईपर्यंतचा वेळ), 'वेळेवर पुरवठा' आणि 'तातडीच्या ऑर्डरला प्रतिसाद' हे तिन्ही घेतले तर वेळेला नकळत तिप्पट वजन मिळू शकतं. दोन निकष शेजारी ठेवावेत आणि विचारावं : एकात चांगला आणि दुसऱ्यात वाईट असा पुरवठादार डोळ्यांसमोर येतो का? येत नसेल तर ते दोन निकष बहुधा एकच आहेत.

ज्या गोष्टींत तडजोड चालणारच नाही, त्यांना किती वेटेज द्यावं?

अजिबात देऊ नये. त्या अटी म्हणून आधी लावाव्यात. गुण आणि वेटेज यांचा गुणाकार करून बेरीज करणाऱ्या सगळ्या पद्धती भरपाई करणाऱ्या असतात, म्हणजे एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूची चांगली कामगिरी भरून काढते. ब्रेकच्या भागाची सुरक्षितता कमी आहे पण भाव उत्तम आहे, म्हणून बेरीज जमली, असं व्हायला नको. कायद्याने लागणारी प्रमाणपत्रं, सुरक्षिततेच्या भागांसाठी प्रक्रियाक्षमता (म्हणजे प्रक्रिया ठरलेल्या मर्यादेत सातत्याने माल देते का), किमान क्षमता, बालमजुरीला पूर्ण बंदी, यांची उत्तरं फक्त हो किंवा नाही. गाळून जे उरतील त्यांनाच गुण द्यावेत.

बर्नार्ड रॉय यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या इलेक्त्र या पद्धतीत हा विचार आतच विणलेला आहे. एखाद्या निकषावर पुरवठादार ठरलेल्या मर्यादेहून जास्त मागे पडला, तर बाकीचे सगळे निकष त्याच्या बाजूने असूनही नकाराधिकार वापरता येतो.

वेटेज ठरवायचं कसं? 'गुणवत्ता ४०, किंमत ३०' असं सरळ लिहिलं तर काय बिघडलं?

लिहिता येतं, आणि पुष्कळ ठिकाणी तसंच लिहितात. पण '४० का, ३५ का नाही?' याला उत्तर नसतं आणि बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचे ४० होतात.

थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली एएचपी (अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस) पद्धत हा प्रश्न लहान तुकड्यांत विचारते. एका वेळी दोनच निकष घ्यायचे आणि विचारायचं, यातलं जास्त महत्त्वाचं कोणतं आणि किती? उत्तर १ ते ९ या मापावर द्यायचं. १ म्हणजे दोन्ही सारखे, ३ म्हणजे एक थोडा जास्त, ५ म्हणजे बराच, ९ म्हणजे टोकाचा. सम आकडे मधल्या छटांसाठी.

समजा गटाने ठरवलं : गुणवत्ता वेळेवर पुरवठ्यापेक्षा २, गुणवत्ता किमतीपेक्षा ३, वेळेवर पुरवठा किमतीपेक्षा २. उलट बाजूला व्यस्त संख्या येतात, म्हणजे १/२, १/३, १/२. आता प्रत्येक ओळीतल्या तीन संख्यांचा गुणाकार करून घनमूळ काढायचं. गुणवत्तेचं १.८२, वेळेचं १ आणि किमतीचं ०.५५ येतं. बेरीज ३.३७. तिने भागलं की वेटेज मिळतं : गुणवत्ता ०.५४, वेळ ०.३०, किंमत ०.१६.

सुसंगती गुणोत्तर म्हणजे काय? आमचं नेहमी जास्त येतं.

गटाची उत्तरं एकमेकांना धरून आहेत की नाही, याची ती तपासणी आहे. वरच्या उदाहरणात गुणवत्ता वेळेच्या २ पट आणि वेळ किमतीच्या २ पट, म्हणजे गुणवत्ता किमतीच्या ४ पट हवी होती. गटाने ३ म्हटलं. एवढी तफावत माणसाच्या बोलण्यात असतेच. गुणोत्तर ०.०१ च्याही आत राहतं, आणि साटी यांनी ०.१० पर्यंत चालेल असं म्हटलं आहे.

पण समजा कुणी म्हणालं, गुणवत्ता वेळेपेक्षा २, वेळ किमतीपेक्षा २, आणि किंमत गुणवत्तेपेक्षा ३. हे वर्तुळ झालं. गुणोत्तर ०.६३ येतं. अशा वेळी बरेच जण आकडे हळूहळू बदलत ०.१० खाली आणतात आणि सुटल्याचा निःश्वास टाकतात. तसं करू नका. जास्त गुणोत्तर ही मिळालेली माहिती आहे. बहुधा 'किंमत' हा शब्द एकाने भाव म्हणून घेतलेला असतो, दुसऱ्याने एकूण खर्च म्हणून. त्या जोडीवर पुन्हा बोला, शब्दांचा अर्थ लिहून काढा, मग आकडा द्या. माझ्या मते एएचपीतलं सगळ्यात मोलाचं काम याच अर्ध्या तासात होतं.

दहा निकष असतील तर तुलना फारच होतात. उपाय?

१० निकषांना ४५ जोड्या होतात, आणि चाळिसाव्या जोडीपाशी माणूस थकून ३-३-३ लिहायला लागतो. जाफर रेझाई यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या सर्वोत्तम-निकृष्ट पद्धतीत आधी सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा निकष निवडतात, आणि बाकीच्यांची तुलना फक्त या दोघांशी करतात. १० निकषांना १७ तुलना पुरतात.

क्वालिटी एक म्हणते, परचेस दुसरं. दोघांच्या उत्तरांची सरासरी कशी काढायची?

गुणोत्तर मध्य काढावा, म्हणजे दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. साधी सरासरी नको. एकाने गुणवत्तेला किमतीच्या ३ पट म्हटलं आणि दुसऱ्याने १/३, तर दोघांची मतं बरोबर उलट आहेत आणि निकाल १ यायला हवा. साधी सरासरी १.६७ देते, म्हणजे एका बाजूला विनाकारण झुकते. गुणोत्तर मध्य १ देतो.

पण इतकी टोकाची मतं असताना मध्य काढून मोकळं होऊ नये. दोन वेगवेगळ्या वेटेजने दोनदा निकाल काढून पाहावा. दोन्हीकडे एकच पुरवठादार पहिला आला तर वाद मिटलाच. वेगळे आले तर निदान नेमकं कशावर अडलंय ते कळतं.

एन्ट्रॉपीने वेटेज आपोआप निघतं असं ऐकलं. मग माणसांना विचारायचं कशाला?

एन्ट्रॉपी पद्धत आकड्यांची पांगापांग मोजते. ज्या निकषावर पुरवठादारांत फरक जास्त, त्याला वेटेज जास्त. सगळ्यांची सुरक्षिततेची नोंद सारखीच असेल, तर सुरक्षिततेचं वेटेज शून्य येईल. या निवडीत तो निकष फरक पाडत नाही एवढाच त्याचा अर्थ, पण अहवालात ते 'सुरक्षिततेला महत्त्व नाही' असं वाचलं जातं. पडताळणीला ही पद्धत चांगली आहे, पण कारखान्याला काय महत्त्वाचं वाटतं ते तिला ठाऊक नसतं.

वेटेज झालं. आता पीपीएम, टक्के आणि किंमत यांची बेरीज कशी करायची?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू. वरचंच वेटेज घेऊ आणि तीन पुरवठादार. पीपीएम म्हणजे दहा लाख नगांमागे किती खराब.

| पुरवठादार | रिजेक्शन, पीपीएम | वेळेवर पुरवठा, टक्के | किंमत, सर्वांत कमी = १०० |
|---|---|---|---|
| अ | २०० | ९० | ११२ |
| ब | ८०० | ९६ | १०० |
| क | ४०० | ९४ | १०५ |

वेगवेगळी एककं एका मापावर आणण्याला सामान्यीकरण म्हणतात. एक रीत अशी : प्रत्येक निकषात सगळ्यात चांगल्याला १, सगळ्यात वाईटाला ०, बाकीचे प्रमाणात मध्ये. या रीतीने अ ला ०.५४, ब ला ०.४६ आणि क ला ०.६५ गुण मिळतात. क जिंकला.

दुसरी रीत गुणोत्तराची. जिथे कमी ते चांगलं, तिथे किमान भागिले स्वतःचा आकडा. जिथे जास्त ते चांगलं, तिथे स्वतःचा आकडा भागिले कमाल. आता अ ला ०.९६, क ला ०.७२, ब ला ०.६०. अ जिंकला, तोही दणदणीत.

आकडे तेच, वेटेजही तेच, आणि विजेता मात्र बदलला. कारण दुसऱ्या रीतीत ९० आणि ९६ टक्के म्हणजे ०.९४ आणि १. वेळेवर पुरवठ्याला आपण ०.३० वेटेज दिलं, पण तिघांत जवळजवळ फरकच उरला नाही आणि ते वेटेज वाया गेलं. पहिल्या रीतीत उलट होतं. सहा टक्क्यांचा फरक ताणून ० ते १ होतो, मग तो फरक लाइनवर जाणवणारा असो वा नसो.

'वेळेवर ९० आणि ९६ टक्के' याऐवजी 'शंभरात १० आणि ४ खेपा उशिरा' असं मोजलं, तर दुसऱ्या रीतीतही अ ची आघाडी ०.२५ वरून ०.१८ वर येते. गोष्ट तीच, फक्त मोजायची बाजू बदलली.

मग खरी रीत कोणती?

मी स्थिर मापाच्या बाजूने आहे. आलेल्या कोटेशन्समधले कमाल-किमान घेऊ नयेत. आपल्या गरजेवरून दोन टोकं आधीच ठरवावीत : वेळेवर पुरवठा ९० टक्के असेल तर ० गुण, १०० टक्के असेल तर १०० गुण, आणि ९० च्या खाली असेल तर स्पर्धेबाहेर. ही टोकं लाइन किती दिवसांचा साठा ठेवू शकते यावरून ठरतात, समोर कोण आलंय यावरून नाही.

न ठरवल्यास काय होतं तेही पाहा. पहिल्या रीतीत क जिंकला होता. आता चौथा पुरवठादार ड आणू : ५०० पीपीएम, वेळेवर ६० टक्के, किंमत १०३. त्याला ०.३९ गुण मिळतात, तो शेवटचा. पण त्याच्या ६० टक्क्यांमुळे वेळेचं माप ताणलं जातं, अ चे शून्य गुण ०.८३ होतात, आणि अ ०.७९ वर तर क ०.७४ वर येतो. शेवटच्या आलेल्या पुरवठादाराने पहिला बदलला! याला क्रमपालट म्हणतात. एएचपीतही तो होतो हे बेल्टन आणि गिअर यांनी १९८३ मध्ये दाखवलं. स्थिर माप असतं तर ड दारातच गळाला असता आणि अ-क मधला हिशेब जागचा हलला नसता.

टॉप्सिस, प्रोमेथी, विकोर : यातलं कोणतं वापरू?

ह्वांग आणि यून यांची १९८१ ची टॉप्सिस ही काल्पनिक आदर्श पुरवठादाराजवळ कोण आणि सगळ्यात वाईटापासून दूर कोण, हे मोजते. वरच्या तिघांवर तिच्या नेहमीच्या सामान्यीकरणाने (प्रत्येक आकडा भागिले त्या स्तंभातल्या आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) ती लावली तर अ ०.९६, क ०.६७, ब ०.०४ येतात. म्हणजे तिथेही सामान्यीकरणाचाच हात वरचढ आहे. जाँ-पियेर ब्रान्स यांची १९८२ ची प्रोमेथी प्रत्येक निकषावर विचारते की किती फरक तुमच्या दृष्टीने फरकच नाही. ४०० आणि ४१० पीपीएममध्ये भेद करू नये असं वाटत असेल तर ती उपयोगी. सेराफिम ओप्रिकोविच यांची विकोर तडजोडीचा पर्याय शोधते, म्हणजे एखाद्या निकषावर फारच नाराजी होणार नाही असा.

पहिल्यांदाच करत असाल तर अटी, एएचपीने वेटेज, स्थिर मापावर गुण आणि साधी भारित बेरीज एवढं पुरे. व्यवस्थापनाला समजावता येत नाही अशी पद्धत पहिल्या कठीण प्रश्नाला कोसळते.

अनिश्चितता आहे म्हणून फझी पद्धत वापरावी का?

लोत्फी झादेह यांनी १९६५ मध्ये फझी संच मांडले, आणि 'बरा', 'चांगला' अशा शब्दांना एकाच आकड्याऐवजी पट्टा देणं ऑडिटच्या मतांसाठी रास्तच आहे. पण रिजेक्शनचा मोजलेला आकडा हाती असताना त्याला मुद्दाम अस्पष्ट करू नये. एएचपीच्या उत्तरांना फझी करण्याला तर खुद्द साटी यांचा विरोध होता. १ ते ९ चं माप आधीच पुरेसं सैल आहे, असं त्यांचं म्हणणं.

निकाल कितपत टिकाऊ आहे हे कसं कळेल?

वेटेज हलवून पाहा. पहिल्या रीतीच्या उदाहरणात गुणवत्तेचं वेटेज ०.५४ आहे. ते वाढवत नेलं आणि बाकी दोघांचं प्रमाण तसंच ठेवलं, तर साधारण ०.६६ ला अ क च्या पुढे जातो. आता गटाला एकच प्रश्न विचारायचा : 'गुणवत्तेला दोन-तृतीयांश वजन द्यावं असं इथे कुणाला वाटतं का?' याला माणसं मनापासून उत्तर देऊ शकतात. 'क ला ०.६५ आणि अ ला ०.५४ गुण' यावर काय बोलणार?

पहिल्या दोघांत अगदी थोडाच फरक असेल आणि वेटेज जरा हललं की क्रम बदलत असेल, तर बरोबरी झाली असं लिहावं. दशांश चिन्हापुढचा तिसरा अंक दाखवून कुणाला हरवू नये.

नव्या पुरवठादाराची मागची कामगिरीच नाही. तिथे सरासरी आकडा भरू का?

नको. रिकामी जागा रिकामी दिसली पाहिजे. नमुन्याचे ३०० नग तपासले आणि एकही खराब निघाला नाही, म्हणून शून्य पीपीएम लिहिणंही चूक आहे. ३ भागिले नगांची संख्या हा संख्याशास्त्रातला साधा ठोकताळा आहे : ३०० निर्दोष नगांवरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की दोष १ टक्क्याच्या आत आहेत, म्हणजे १०,००० पीपीएमच्या आत. अशा पुरवठादाराचे गुण आशावादी आणि निराशावादी अशा दोन्ही आकड्यांनी काढावेत. निराशावादी आकड्यानेही तो टिकला तर उत्तमच. नाही तर चाचणी ऑर्डर द्यावी, प्रक्रियेचं ऑडिट करावं आणि पुरेसे लॉट आल्यावर पुन्हा हिशेब मांडावा. नव्याला दार बंद करणंही अन्याय आणि डोळे मिटून उघडणंही.

पहिला आला त्यालाच सगळी ऑर्डर द्यायची का?

क्रमवारी आणि वाटणी हे दोन वेगळे निर्णय आहेत. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये आयसिन सेकीच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेक यंत्रणेतला एक छोटा, स्वस्त व्हॉल्व्ह बनायचा आणि टोयोटा त्यासाठी जवळजवळ पूर्णपणे आयसिनवर अवलंबून होती. टोयोटाचं जपानमधलं बहुतेक उत्पादन काही दिवस थांबलं. गुणवत्ता, भाव, वेळ अशा कुठल्याही तक्त्यात आयसिन पहिलीच आली असती. एकाच जागी सगळं असण्याचा धोका पुरवठादाराच्या गुणांत दिसत नाही. तो आपल्या वाटणीत असतो.

म्हणून गुण हाती आल्यावर क्षमता, किमान ऑर्डर आणि 'कुणालाही ७० टक्क्यांहून जास्त नाही' अशा बंधनांसह वाटणीचं वेगळं गणित मांडतात. घोडसीपूर आणि ओब्रायन यांनी १९९८ मध्ये एएचपीचे गुण रेषीय नियोजनात (बंधनं पाळून सर्वांत चांगली वाटणी शोधणाऱ्या गणितात) घालून ही वाट दाखवली. दोन-तीन पुरवठादार असतील तर स्प्रेडशीटमधला सॉल्व्हरही पुरतो.

प्रत्येक खरेदीला हे सगळं करायचं?

नाही. पीटर क्रालजिक यांच्या १९८३ च्या चौकटीप्रमाणे खरेदीचं महत्त्व आणि पुरवठ्यातला धोका असे दोन अक्ष घ्यावेत. दोन्ही कमी असतील तिथे तीन कोटेशन्स पुरे. फक्त 'स्वस्त भाग म्हणजे बिनमहत्त्वाचा' असं समजू नये. वरचा व्हॉल्व्हही स्वस्तच होता.

कोणाला घ्यायचं ते वरिष्ठांनी आधीच ठरवलेलं असतं. मग या गणिताचा उपयोग?

हवा तो निकाल येईपर्यंत वेटेज बदलणं कुठल्याही पद्धतीत शक्य आहे. त्याला एकच अडसर आहे, क्रम. निकष, अटी, मापाची टोकं आणि वेटेज हे चारही कोटेशन्स उघडण्याआधी लिहून, तारीख घालून, सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवावेत. नंतर बदल करायचा झाला तर तोही कारणासह लिहावा. कधी वरिष्ठांकडे खरंच वेगळी माहिती असते, जसं पुढच्या वर्षी येणारं मॉडेल किंवा पुरवठादाराची खालावलेली आर्थिक स्थिती. ती निकष म्हणून तक्त्यात येऊ द्या. तक्त्याबाहेर राहिली तर पुढच्या वेळी कुणालाच तिचा उपयोग होणार नाही.

कोणतं सॉफ्टवेअर लागतं?

स्प्रेडशीट. वर केलेलं सगळं गणित तिच्यात बसतं.

जो निवडला गेला नाही त्याला काय सांगायचं?

त्याचे स्वतःचे गुण, निकषवार, आणि आपल्या मापाची टोकं. इतरांचे आकडे किंवा नावं नाहीत. 'तुमचा भाव बसला नाही' एवढंच सांगितलं तर पुढच्या वेळी तो भाव पाडून येईल आणि तो कमी केलेला पैसा बहुधा तपासणीतून वाचवेल. 'तुम्ही वेळेवर ९० टक्के पोचता, आम्हाला ९५ लागतात' असं कळलं तर तो नेमकी तीच गोष्ट सुधारू शकतो. निवड झालेल्यालाही हाच कागद द्यावा, आणि दर तिमाहीला प्रत्यक्ष कामगिरीचे आकडे त्याच मापावर त्याच्याबरोबर बसून भरावेत.